बसा, म्हणजे दिवा दिसेल

गाडीचा मागचा दिवा कलिंगडाने फुटू शकतो, हे उस्ताज फिकरींना तोवर माहीत नव्हतं. वास्तविक कैरोच्या उत्तरेकडच्या तांता शहरातल्या सरकारी शाळेत उभा जन्म त्यांनी पोरांना पदार्थविज्ञान शिकवलेलं. वरून खाली पडणाऱ्या वस्तूंबद्दल त्यांच्याइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस त्या गल्लीत दुसरा नव्हता. पण फळ्यावर जी वस्तू पडते तिला मालक नसतो, आणि ती कुणाच्या गाडीवर पडत नाही. हे कलिंगड चौथ्या मजल्यावरच्या मदाम इन्शिराहचं होतं.

मदाम इन्शिराह पोस्टातून निवृत्त झाल्यापासून खाली उतरायच्याच बंद झाल्या होत्या. भाजी, पाव, औषध, वर्तमानपत्र, सगळं गॅलरीतून दोरीला टोपली बांधून वर ओढायचं. दोरी जुनी झाली आहे असं अख्खी गल्ली त्यांना सांगत होती, आणि पोस्टाची दोरी आहे, तुटायची नाही, असं त्या अख्ख्या गल्लीला सांगत होत्या. त्या दिवशी कलिंगड तिसऱ्या मजल्यापर्यंत सुखरूप आलं, तिथे क्षणभर थांबलं, आणि मग परत निघालं. खाली उस्ताजांची पिस्ता रंगाची जुनी फियाट पाठ करून उभी होती.

माणसं धावली. तळमजल्यावरचे हाजी मुतवल्ली दारातल्या ठेंगण्या खुर्चीवरून उठले, ही मोठी गोष्ट. एरवी ते फक्त नमाजाला आणि भांडणाला उठत. सगळ्यांनी वाकून पाहिलं. "लाल निघालं हो," हाजी म्हणाले. ते कलिंगडाबद्दल बोलत होते. दिव्याकडे कुणाचं लक्ष गेलं ते फळाचं गोडीनुसार रीतसर मूल्यमापन झाल्यावर.

दिव्याची लाल काच, म्हणजे काचेसारखं प्लॅस्टिक, तडा जाऊनही शाबूत होती. पण आतला चांदीसारखा वाडगा, बल्बचं घर, तारांचे गुंते, सगळ्याचा चेंदामेंदा झाला होता. उजव्या बाजूचा दिवा. उजव्या हे लक्षात ठेवा, पुढे त्याने छळलं आहे.

एरवी उस्ताजांनी तिथे लाल फडकं बांधून चार महिने काढले असते. त्या गावात निम्म्या गाड्या अंधारात नुसत्या हॉर्नवर चालतात. पण ही गाडी आता त्यांची राहिली नव्हती. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, रदवाचं, महिनाअखेरीला लग्न होतं. जावई हैसम सुएझच्या बंदरात क्रेन चालवायचा, आणि रदवाला तिथेच गावाबाहेरच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती. घर एका टोकाला, दवाखाना दुसऱ्या टोकाला, मध्ये बंदराकडे जाणारा रस्ता. उस्ताजांनी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं होतं की गाडी पोरीची. मग एकदा जावयाबरोबर ते तो रस्ता बघून आले. त्या रस्त्यावर माणसं नव्हतीच, नुसते ट्रक होते. तेव्हापासून त्यांना एकच गोष्ट दिसायची: संध्याकाळची वेळ, पुढे छोटी पिस्ता गाडी, मागे घरभर उंचीचा ट्रक, आणि त्या ट्रकवाल्याला पोरगी दिसलीच नाही तर? हे ते कुणाला बोलले नाहीत. बायकोला, अतियातला, तर मुळीच नाही. ती गुडघ्यांनी आधीच हैराण होती, त्यात ही भर नको.

तर दिवा हवा होता, आणि असा हवा होता की आंधळ्यालाही दिसावा.

भंगारबाजारात उस्ताज तीनदा जाऊन आले. फियाटचे मागचे दिवे तिथे ढिगाने होते. सगळे डावे. तांता शहरातल्या लोकांना गाडीची उजवी बाजूच आपटायची सवय असावी. उजवे दिवे आधी फुटतात, आधी विकले जातात, आणि मागे राहतात ते डावे. दुकानदाराने एक डावा दिवा उलटा धरून, "हा बघा, उजवा," असंही म्हणून पाहिलं. उस्ताजांनी त्याला समजावलं की डावा हात उलटा केला म्हणून उजवा होत नाही. त्यावर तो म्हणाला, "उस्ताज, तुम्ही शिकलेली माणसं फार अडवणूक करता."

घरी आल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. हाजींचं म्हणणं, मिठाईच्या डब्यावरचा लाल कागद चिकटवून आत विजेरी ठेवावी, त्यांच्या मेहुण्याने मक्केहून आल्यावर तसंच केलं होतं. मेहुणा आता कुठे आहे असं विचारल्यावर हाजींनी विषय बदलला. मदाम इन्शिराह अपराधाच्या भावनेने ग्रासल्या होत्या, त्यामुळे त्या सर्वांत जास्त सल्ले देत, आणि तेही चौथ्या मजल्यावरून. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, चौथ्या मजल्यावरून मोटारी दुरुस्त होताना उस्ताज प्रथमच पाहत होते. मदामना अधूनमधून नवीन टोपलीतून काहीतरी वस्तू पाठवण्याचीही लहर येई. एकदा खिळे आले. एकदा गोंद आला, आणि त्याबरोबर उस्ताजांसाठी पेरू.

"नवा एलईडीचा दिवा घरीच करतो," एका संध्याकाळी उस्ताजांनी जाहीर केलं. "इतकी वर्षं शिकवलं, त्यात आहे काय? चार दिवे, एक रेझिस्टन्स, बारा व्होल्ट."

अतियात भेंडी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, गेल्या वर्षी घंटा दुरुस्त केलीत, तेव्हापासून आपल्या दाराची घंटा वाजवली की शेजारच्यांकडे वाजते."

"ते वायरिंगचं काम होतं. हे विज्ञान आहे."

उस्ताज सकाळच्या गाडीने कैरोला गेले, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात. आदल्या रात्री वर्तमानपत्राच्या कडेकडेने त्यांनी सगळं गणित करून ठेवलं होतं: लाल दिव्याला दोन व्होल्ट, एका ओळीत चार, उरलेलं खाऊन टाकायला अमुक ओहमचा रेझिस्टन्स, ब्रेक दाबला की जास्त प्रवाह, नुसता दिवा लावला की कमी, म्हणजे त्याला दुसरा रेझिस्टन्स आणि विजेला उलटं फिरू न देणारा डायोड. गणित बिनचूक होतं, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्याचं खापर लोकांनी गणितावर फोडलं. नव्या दिव्यांत डावा-उजवा भेद दिसू नये म्हणून दोन्ही बाजूंना, आणि वळायच्या पिवळ्या दिव्यांतसुद्धा, एलईडीच बसवायची असं त्यांनी ठरवलं होतं. माणूस एका फुटक्या दिव्यासाठी निघतो आणि सहा दिवे घेऊन परततो.

दुकानदार फुटबॉलची मॅच बघत होता. "कसले हवेत, डॉक्टरसाहेब?" त्याने पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

"सगळ्यांत प्रखर."

दुकानदाराने काउंटरवर पाकिटं टाकली. प्रत्येकावर एक आकडा होता, दिव्याच्या तेजाचा. पहिल्याचा आकडा भाड्याच्या घरातल्या दिव्यासारखा मिणमिणता, दुसऱ्याचा बरा, आणि तिसऱ्याचा असा की वाचतानाच उस्ताजांना डोळे किलकिले करावेसे वाटले. त्या आकड्याच्या खाली बारीक अक्षरांत प्रकाश किती अंशांत पसरतो त्याचा आकडा होता, आणि तो बाकीच्या पाकिटांपेक्षा फारच लहान होता. उस्ताजांनी तो वाचला नाही. शाळेत ते पोरांना सांगत, प्रश्न शेवटपर्यंत वाचा. एकाच प्रकाशाला अरुंद नळीतून सोडलं की तो समोर प्रचंड दिसतो आणि बाजूला काळोख पडतो, हेही त्यांनी दरवर्षी शिकवलेलं, परीक्षेलाही घातलेलं. पण त्या क्षणी ते शिक्षक नव्हते, बाप होते. बापाने मोठा आकडा उचलला.

दिवे पट्ट्यांवर जोडण्याचं काम जेवणाच्या टेबलावर झालं. त्या टेबलावर रदवाच्या संसाराचं सामानही रचून ठेवलेलं होतं: पातेल्यांचे संच, चादरी, चहाचे पेले, सुएझला जाण्यासाठी बांधून ठेवलेले. सोल्डरिंगची पहिली ठिणगी पडली ती भरतकामाच्या टेबलक्लॉथवर. अतियातने त्या भोकावर एक फूल भरलं. दुसरी ठिणगी शेजारी पडली. आता त्या टेबलक्लॉथवर एका कोपऱ्यात अवेळी वसंत आलेला दिसतो, आणि सुएझला सगळे त्या नक्षीचं कौतुक करतात.

शेवटी एका दुपारी दिवे बसले. हाजी आपल्या खुर्चीवर, गाडीच्या बरोब्बर मागे. मदाम इन्शिराह गॅलरीत. मध्ये भाजीवाला, इस्त्रीवाला, आणि रस्त्याने जाणारे ज्यांना घरी फारसं काम नव्हतं असे लोक. उस्ताजांनी चावी फिरवली आणि पायाने ब्रेक दाबला.

"डोळे गेले माझे," हाजी म्हणाले आणि त्यांनी हात आडवा धरला.

"लागलाय कुठे अजून?" त्यांच्या शेजारी उभा असलेला इस्त्रीवाला म्हणाला.

"लागलाय म्हणजे काय, मी आंधळा झालो."

"हाजी, सावकाश. दिवा लागलेला नाही."

"तू मला खोटारडा म्हणतोस? मी हज केलंय."

"हज केलं म्हणून न लागलेला दिवा दिसतो का?"

मंडळींचे दोन तट पडले. बसलेले सगळे हाजींकडचे, उभे असलेले सगळे इस्त्रीवाल्याकडचे. वरून मदाम इन्शिराहनी निकाल दिला की दिवा बंद आहे आणि हाजींचा रक्तदाब मोजून घ्यावा. उस्ताज गाडीतून उतरून मागे आले. उभं राहून पाहिलं: काळोख. थोडे वाकले: किंचित लाली. गुडघ्यांवर बसले आणि एवढी लाल आग त्यांच्या तोंडावर आली की ते मागे कलंडले. उतरण्याआधी ब्रेकवर त्यांनी वीट ठेवली होती.

त्या क्षणी त्यांना तो बारीक अक्षरांतला आकडा आठवला. पण एवढ्या लोकांसमोर कबूल कोण करणार? "दिवा व्यवस्थित आहे," ते कपडे झटकत म्हणाले. "तुमची उभी राहण्याची पद्धत चुकीची आहे."

उस्ताज गाडी कोपऱ्यावरच्या पावाच्या भट्टीपर्यंत नेऊन परत आणत असताना अतियातने मात्र दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक नवीनच गोष्ट पाहिली. जिना चढून ते घरात आल्यावर ती म्हणाली, "अहो, हा कसला दिवा? दाराशी असतो तेव्हा काही नाही. तुम्ही भट्टीच्या कोपऱ्याला गेलात की मला झगझगीत दिसला."

"लांब गेल्यावर कोनात येतो," उस्ताज म्हणाले.

"म्हणजे लांब गेलं की दिसणार," अतियात म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिला गुडघ्यांचं कारण सांगून कुठेही निघून जाता येई.

पिवळ्या दिव्यांची तऱ्हा वेगळी. एलईडी फारच कमी वीज खाते, त्यामुळे टिकटिक करणाऱ्या जुन्या डबीला वाटलं की बल्बच गेला, आणि ती घाबरलेल्या चिमणीसारखी धडधडायला लागली. वळताना गाडी हात दाखवण्याऐवजी थरथरायची. यावर शास्त्रात उपाय आहे: वीज फुकट खाणारा एक जाडा रेझिस्टन्स जोडावा. उस्ताजांनी तो आणला, डिकीत पत्र्याला बांधला. टिकटिक ताळ्यावर आली. पण फुकट खाणारा माणूस नुसता बसून गरम होतो, तसा तोही झाला. त्याच डिकीत अतियातने व्याह्यांसाठी हलव्याचे डबे ठेवलेले. तांताचा हलवा, अख्ख्या देशात नाव. बिघाड शोधताना उस्ताजांनी तासभर पिवळे दिवे चालूच ठेवले होते. संध्याकाळी डिकी उघडली तर डबे जागेवर, आणि हलवा वितळून सुट्या टायरच्या मध्यभागी.

हाजी म्हणाले, तो रेझिस्टन्स काढा आणि जुना बल्बच लावा ना आत, तो तरी इमानदारीने वीज खाईल. हा सल्ला इतका सोपा होता की उस्ताजांना दोन दिवस तो मान्य करता आला नाही. शेवटी फियाटचा जुना बल्ब डिकीच्या आत, कोपऱ्यात बसवला. बाहेर नवीन दिवे मिरवायचे, आणि आत बंद डिकीत तो म्हातारा कुणी न बघता लुकलुकत राहायचा. उस्ताजांना त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटू लागली. का, ते त्यांनाच विचारा.

मग आली वाहतूक खात्याची तपासणी. गाडी मुलीच्या नावावर करायची तर तपासणी हवी, तपासणीला अर्ज हवा, अर्जाला सरकारी गरुडाचा शिक्का हवा, आणि गरुडाचा शिक्का ज्या खिडकीत असतो तिथला माणूस चहाला गेलेला असतो. कागदावर गाडीचा रंग पिस्ता होता. पहिल्या कारकुनाने बाहेर येऊन गाडीकडे पाहिलं आणि हा बदाम आहे असं मत दिलं. रंगावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन लागलं नव्हतं, तिथे पिस्ता सापडला आणि प्रकरण मिटलं.

तपासणी करणारा इंजिनियर तरणाबांड आणि सभ्य होता. तो गाडीच्या मागे उभा राहिला. "ब्रेक दाबा, उस्ताज."

उस्ताजांनी दाबला.

"दाबा ना."

"दाबलाय."

"दिवा लागत नाही."

उस्ताजांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. इथे त्यांची सारी प्रतिष्ठा पणाला लागली होती, आणि अशा वेळी माणूस जे बोलू नये तेच बोलतो. "साहेब," ते म्हणाले, "जरा खाली बसा. बसा, म्हणजे दिसेल."

त्या आवारात रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांचे मालक वळून पाहू लागले. इंजिनियरने इकडेतिकडे बघितलं, पँट वर ओढली, आणि उकिडवा बसला. त्याचं तोंड लाल झालं, प्रकाशानेही आणि नुसतंही. तो उठला, सावकाश चालत खिडकीशी आला. चिडेल असं उस्ताजांना वाटलं होतं. तो चिडला नाही.

"गाडी कोण चालवणार, उस्ताज?"

"माझी मुलगी. सुएझच्या बंदर रस्त्यावर."

"मग मागचा ट्रकवाला दर वेळी खाली उतरून उकिडवा बसणार आहे का?"

उस्ताजांनी मान हलवली, गाडी सुरू केली आणि आवाराबाहेर आणून सावलीला उभी केली. तिथे ते बराच वेळ बसून राहिले. ट्रकवाल्याला पोरगी दिसावी म्हणून एवढा खटाटोप, आणि सगळ्यांत मोठा आकडा उचलून आपण तिला अंधारातच ठेवली. दिव्याखाली अंधार असतो हे माहीत होतं. दिव्याच्या चारी बाजूंनी असू शकतो हे आपल्याच हाताने सिद्ध केलं. त्यांना रडू आलं. थोडंच, आणि काचा वर करून.

घरी आले तेव्हा घरात मेंदीचा दिवस लागला होता. दुपार. बैठकीत गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका, मध्ये रदवा, दोन्ही तळहात मेंदीने माखून फडक्यात गुंडाळलेले. एरवी कधीच न उतरणाऱ्या मदाम इन्शिराहसुद्धा आल्या होत्या. दोन मजले उतरायला त्यांनी दोन जणींचे खांदे वापरले. उस्ताज दिव्यांच्या पट्ट्या काढून हातात घेऊन आले होते. एवढ्या बायका बघून ते परत फिरणार, तोच रदवा म्हणाली, "बाबा, काय झालं?"

त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, आकड्यासकट. कलिंगडापासून आजवर ते कुणासमोर एवढं खरं बोलले नव्हते.

"मग आता?"

"दिव्यांची टोकं खरवडली तर प्रकाश पसरतो. गुळगुळीत काच त्याला नळीतून सोडते, खरबरीत केली की चहूकडे उधळतो. पण दिवे इतके, परवा तपासणीची शेवटची तारीख, आणि माझे हे म्हातारे हात दोनच."

"खरवडायला काय लागतं?" मदाम इन्शिराहनी विचारलं.

"बारीक कानस. सँडपेपर."

नवरीच्या मेंदीच्या दिवशी घरात एक गोष्ट मात्र मुबलक असते. अतियातने कोपऱ्यातली पेटी उघडली. नखं घासायच्या कानशी निघाल्या, शेजारणींच्या पर्समधून आणखी निघाल्या. पट्ट्या हातोहात फिरल्या. गाणी थांबली होती, ती पुन्हा सुरू झाली, आणि गाण्याच्या ठेक्यावर गल्लीतल्या बायका फियाटच्या दिव्यांची नखं घासू लागल्या.

रदवा बांधलेले हात मांडीवर ठेवून बघत होती. "त्याला अजून एक हात द्या, ते टोक चकाकतंय," ती शेजारच्या एका मावशीला सांगायची. मग हळूच वडिलांना म्हणाली, "बाबा, एवढं कशाला? मी जपून चालवते."

"तू पुढे बघून जपून चालवतेस," उस्ताज म्हणाले. "तुझ्या मागे आजवर मी होतो. आता मागचं कोण बघणार?"

रदवाचे डोळे भरले. तिला पुसता येईना, हात बांधलेले. अतियात उठून, गुडघे चेपत, आपल्या ओढणीने तिचे डोळे पुसून गेली, आणि जाताजाता उस्ताजांना म्हणाली, "रडवा अजून पोरीला. मेंदी ओली आहे."

एकच दिवा राहिला होता, उजव्या पट्टीच्या वरच्या टोकाचा. मदाम इन्शिराह त्याच्यावर कानस धरणार तेवढ्यात उस्ताजांनी पट्टी काढून घेतली. "हा मी करतो," ते म्हणाले.

तपासणी झाली. इंजिनियर मागे उभा राहिला, मग डावीकडे गेला, मग उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी लाल उजेड त्याच्याबरोबर गेला. "आज बसायचं नाही ना?" त्याने विचारलं, आणि शिक्का मारला. लग्न झालं. वरातीत फियाट पुढे होती, मागच्या गाड्या ठरल्या चालीत हॉर्न वाजवत येत होत्या. प्रत्येक गाडीवाल्याने नंतर उस्ताजांना सांगितलं की दिवे फार छान दिसत होते. हाजी म्हणाले, त्यांना पहिले जास्त आवडले होते.

लग्नानंतर आठवड्याने रदवा आणि हैसम जेवायला आले, आणि सूर्य मावळताना गाडी घेऊन सुएझला निघाले. सामान भरलं, हलव्याचे नवे डबे पायाशी ठेवले, डिकीत नव्हे. रदवाने आईचा निरोप वरच घेतला. अतियातला जिना उतरवेना. खाली उस्ताजांनी उगाच चारी टायर दाबून पाहिले. हैसमला म्हणाले, "वळायच्या आधी दिवा लाव." त्याला म्हणाले, कारण तिच्याकडे बघून बोलता आलं नसतं. रदवा गाडी चालवायला बसली, हात बाहेर काढला, आणि तिने त्यांचा हात घट्ट धरला. मेंदी अजून गडद होती.

"पोरी, दिवे कशाला लावतेस आत्तापासून? बॅटरी जाईल," हाजी खुर्चीवरून म्हणाले.

"लागलेले राहू देत," उस्ताज म्हणाले.

गाडी निघाली. पंचवीस पावलं गेली नसेल, तोच टोमॅटोने भरलेली एक गाढवगाडी बोळातून बाहेर आली आणि तिच्यामागे आडवी झाली. उस्ताज डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, हाजींच्या खुर्चीच्या दांडीवर एक पाय देऊन उंच झाले. टोमॅटोंपलीकडे त्यांना काही दिसेना. एवढे दिवे लावले, आणि ज्याने लावले त्याला शेवटचं बघायला मिळू नये.

त्यांनी मान वर करून हाक मारली. "अतियात, दिसतेय का?"

"दिसतेय," वरून आवाज आला. "दोन्ही दिवे दिसताहेत."

"आता?"

"इस्त्रीवाल्यापुढे गेली. लहान दिसतेय." मग ती म्हणाली, "अहो, भट्टीच्या कोपऱ्याशी आली, आणि एक दिवा बाकीच्यांहून वेगळा दिसायला लागलाय. एकच. झगझगीत. सरळ माझ्याकडे."

"कानस संपली होती," उस्ताज खालून म्हणाले.

घरात कानशी किती होत्या ते अतियातला माहीत होतं.

"दिसतोय अजून?"

"दिसतोय." आणि बऱ्याच वेळाने, अगदी हळू, पण गल्ली त्या वेळी शांत झाली होती म्हणून ऐकू आलं: "वळली."

गाढवगाडी निघून गेली. आता सगळा रस्ता कोपऱ्यापर्यंत मोकळा दिसत होता, आणि त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. उस्ताज तिथेच उभे राहिले. हाजी चक्क काही सल्ला न देता बसून होते.

दुसऱ्या मजल्यावरून अतियातने सोडलेली दोरी सरसरत खाली आली. त्यांच्या नाकासमोर टोपली थांबली. टोपलीत त्यांचा रुमाल होता, घडी घातलेला. उस्ताजांनी तो घेतला, डोळे पुसले, नाक पुसलं, पुन्हा डोळे पुसले. मग तो उलट बाजूने नीट घडी करून त्यांनी परत टोपलीत ठेवला आणि दोरी हलवली. वर तिलाही तो लागणार होता.